इस्तारीकाकाचा गुन्हा

इस्तारीकाकाने जन्मात एकच गुन्हा केला असं मी लिहिलं, तर त्याची बायको, देवकाकाकी, मला घरात घेणार नाही. तिच्या मते त्याचे गुन्हे रोजचे आहेत. ओलं जाळं अंथरुणावर टाकतो, दवाखान्यातली गोळी खिशात ठेवून गिळल्याचं सांगतो, आणि पाहुणा आला की तिच्या माहेरच्या लोकांची नक्कल करतो. पण ज्याचा निवाडा झाला, शिक्षा झाली आणि जो रीतसर कागदावर चढला, असा गुन्हा एकच. त्याच्यामुळे आज माझे बाबा स्वतःच्या घरात झोपतात. म्हणून मी हे लिहिते आहे.

मी सत्यशीला हालदार. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवते. आडनाव ऐकलं की लोक विचारतात, मॅडम, तुम्ही मूळच्या कुठल्या? मी म्हणते, गडचिरोली जिल्ह्यातली. मग ते हसून म्हणतात, तसं नाही, मूळच्या? या मूळ उकरणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. मी इथे जन्मले, सत्यशीला हे इथलं नाव देवकाकाकीने ठेवलं, आणि मराठी मी तिच्या अंगणात उकडलेले शिंगाडे सोलता सोलता शिकले. घरात आम्ही बंगाली बोलतो, पण मला रागावायचं असलं की मराठीच तोंडात येतं.

माझे आजोबा हरिचरण हालदार पूर्व पाकिस्तानातून जीव घेऊन निघाले. रायपूरकडच्या छावणीत काही महिने काढले आणि १९६५ साली सरकारने आणखी काही कुटुंबांसोबत त्यांना ट्रकमधून आणून आलापल्लीच्या अलीकडच्या जंगलात उतरवलं. तेव्हा हा सगळा चांदा जिल्हा होता. बाबांचं नाव निरापद. ते तेव्हा दहा वर्षांचे होते. तलावाच्या एका काठाला ढिवरांची, म्हणजे मासे धरणाऱ्या जातीची, टोली होती, दुसऱ्या काठाला आमची वसाहत झाली. टोलीतले लोक तिला कॅम्प म्हणाले. साठ वर्षं झाली, पक्की घरं झाली, टॉवर आला, तरी ते कॅम्पच म्हणतात.

इस्तारीकाका त्या टोलीतला. बाबांपेक्षा एखाद-दोन वर्षांनी मोठा असेल, नक्की त्यालाही ठाऊक नाही. शाळेत गेला नाही. तलावात मासे, दिवाळीच्या सुमाराला शिंगाडे, उन्हाळ्यात तेंदूपत्ता, पावसाळ्यात दुसऱ्याच्या बांधीत धानाचा रोवणा, एवढ्यावर त्याने घर चालवलं आणि दोन मुलं शिकवली. अंगाने काटकुळा, आवाज मात्र पलीकडच्या काठावर ऐकू जाईल असा. बाबांशी त्याचं रोज भांडण व्हायचं, आणि भांडण नसलं की देवकाकाकी चौकशी करायची की आज दोघांपैकी कोणाची तब्येत बरी नाही.

मागच्या वर्षी दिवाळी झाल्यावर बाबांच्या नावाने तालुक्याच्या कचेरीतून नोटीस आली. आपण परदेशी नागरिक असल्याची तक्रार आली आहे, तरी १९७१ पूर्वीपासून येथे राहत असल्याचा पुरावा घेऊन हजर राहावे. तक्रार कोणी केली ते लिहिलं नव्हतं. मी नोटीस चार वेळा वाचली आणि बाबांना दोनच ओळींत सांगितली. त्यांनी हातातला जाळ्याचा दोरा खाली ठेवला.

पुरावा म्हणाल तर आधार आहे, मतदान कार्ड आहे, राशन कार्ड आहे. सगळं नंतरचं. आजोबांचा नोंदणीचा कागद पेटीतच उधईने खाल्ला. बाबा शाळेत गेलेच नाहीत. जमिनीचा पट्टा सापडला, तो १९६६ चा, पण तो आजोबांच्या थोरल्या भावाच्या नावावर. कुटुंबप्रमुखाचं नाव, आणि पुढे लिहिलेलं, घरातील इतर सात. माझे बाबा त्या इतर सातांत एक. हे मला माहीत आहे, बाबांना माहीत आहे, पण कचेरीतल्या बाबूला कसं माहीत असणार? मी सुट्ट्या टाकून जुनं दप्तर शोधत चंद्रपूरला गेले, गडचिरोलीला गेले. एका ठिकाणी वसाहतींची यादी मिळाली, तर आमच्याच वसाहतीचं पान तिच्यात नव्हतं.

बाबांनी तलावावर जाणं सोडलं. सत्तरीचा माणूस दिवसभर ओसरीत बसून रस्त्याकडे पाहायचा. एके दुपारी मला मराठीतच म्हणाले, "सत्या, मले पाठवलं तर कुठी पाठवतील? तिकडच्या गावाचं नाव मले आठवते, रस्ता नाई आठवत." मी शाळेत चाळीस पोरांना गप्प करते, पण या प्रश्नावर तिथून उठले. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

बाबांनी तलाव सोडला त्याच्या तिसऱ्या दिवशी इस्तारीकाका आला. बाबा भांडायला आले नाहीत म्हणून हा तपासायला आला होता. मी सगळं सांगितलं. त्याने नोटीस हातात घेतली, वाचता येत नसल्याने उलटसुलट पाहिली आणि परत दिली.

"एकाहत्तरच्या आधी याचं नाव कुठीतरी लिहिलेलं पाहिजे, एवढंच ना?"

"हो काका."

"लिहिलेलं हाय. माह्या गुन्ह्यात हाय."

मला वाटलं, म्हाताऱ्याला चेष्टा सुचली आहे. पण तो खाटेवर बसला आणि त्याने जे सांगितलं ते मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. बाबांनाही त्यातलं अर्धंच ठाऊक होतं.

गोष्ट १९६९ च्या हिवाळ्यातली. आजोबांकडे फेकायचं जाळं होतं, स्वतः विणलेलं, टोलीतल्या जाळ्यांपेक्षा वेगळ्या गाठीचं. इस्तारीला ती गाठ शिकायची होती. तो चोरून आमच्या काठाला यायचा. त्याला आमची भाषा येत नव्हती, आजोबांना त्याची येत नव्हती, पण गाठ बोटांनी शिकवता येते. एका दिवशी शिकता शिकता दुपार झाली. आजीने मरळ मोहरी वाटून शिजवली होती. तिने एकच ताट मांडलं आणि इस्तारी आणि बाबा, दोन्ही पोरांना बसवलं. भाताला आमच्याकडेही भातच म्हणतात, त्यामुळे बोलावणं समजायला अडचण आली नाही.

इथपर्यंत कोणाला काही कळलं नसतं. पण इस्तारीकाकाच्या पोटात मासा राहतो, गोष्ट राहत नाही. संध्याकाळी तलावाच्या पाळीवर, सगळ्या टोलीसमोर, हा पठ्ठ्या म्हणाला की कॅम्पात मरळ जशी शिजवतात तशी आपल्या टोलीत एकाही बाईला येत नाही. त्याने आधी परजातीचा भात खाल्ल्याचं कबूल केलं आणि वर समस्त बायांच्या रश्श्याला नाव ठेवलं. कोणता गुन्हा मोठा यावर टोलीत अजून मतभेद आहेत. देवकाकाकी तेव्हा या घरात आली नव्हती, तरी तिला आजही राग येतो.

जातीचे पंच बसले. पहिला पेच पडला तो असा, की परजातीचा भात म्हणावा तर ही जात कोणती? कोणालाच ठाऊक नव्हतं. मग दोन जाणते लोक विचारायला आमच्या काठाला आले. आजोबांना त्यांचा प्रश्न कळला नाही. त्यांना वाटलं, काम काय करता असं विचारताहेत. त्यांनी जाळं आणून दाखवलं आणि त्यातलं फाटलेलं एक घर तिथेच बसून जोडून दिलं. दोघं परत गेले आणि म्हणाले, जात काही समजली नाही, पण काम आपलंच करतात. एक पंच म्हणाला, मग आपलेच झाले. दुसरा म्हणाला, आपले असते तर कुठेतरी सोयरीक निघाली असती. शेवटी इस्तारीच्या बापाने जातीला एक जेवण द्यावं असं ठरलं, आणि उन्हाळी धान निघून जेवण होईपर्यंत पोराशी कोणी व्यवहार ठेवायचा नाही.

"मोठं जाळं ओढाले दोन जण लागते," इस्तारीकाका म्हणाला. "दुसरं टोक धराले टोलीतला एक पोट्टा येईना. मंग तुहा बाप येऊन उभा राह्यला. तीन महिने आमी दोघंच ओढून राह्यलो. जातीनंच आमची जोडी जमवली, काय सांगू तुले."

बाबा इतक्या दिवसांनी हसले.

हा सगळा निवाडा वहीत लिहिलेला होता. टोलीत तेव्हा लिहिता येणारा एकच माणूस होता, चौथी शिकलेला. तो वारला, आणि वही त्याच्या मुलाकडे, गुणवंतरावांकडे आली. गुणवंतराव आज ऐंशीच्या पुढे आहेत. पंचायत आता भरत नाही, पण टोलीत त्यांचा मान आहे, आणि ती वही त्यांच्या टिनाच्या पेटीत आहे. मी आणि काका दुसऱ्याच दिवशी त्यांच्याकडे गेलो.

त्यांनी साफ नाही म्हटलं. मला राग आला, पण त्यांची भीती खोटी नव्हती. जातीतून बाहेर टाकणं हा आता कायद्याने गुन्हा आहे. अशा निवाड्यांनी भरलेली वही कचेरीत नेऊन कोण ठेवेल? "इस्तारी, बंगाल्याले सोडवाच्या नादात तू आपल्याच जातीले आत टाकशीन," ते म्हणाले.

काकाच्या घरी हेमराजने तर आकाशपाताळ एक केलं. हेमराज हा काकाचा मोठा मुलगा, मच्छीमार सोसायटीचा सचिव. तलाव ठेक्याने कोणी घ्यायचा यावरून सोसायटीचं आणि आमच्या वसाहतीतल्या तरुणांचं गेली काही वर्षं जुंपलेलं आहे, आणि त्यात चूक एकट्या हेमराजची आहे असं मी म्हणणार नाही. तो बापाला माझ्यासमोरच म्हणाला, "तलावाच्या वेळेस हे लोक वेगळे, अन् कागदाच्या वेळेस आपले. काऊन? त्याईचे कागद त्याईनं पाहावं. आपण इथले हाओत, आपल्याले कोणी इचारते का?"

इस्तारीकाका एवढंच म्हणाला, "तू जेव."

मग तो रोज सकाळी गुणवंतरावांच्या दारात जाऊन बसायला लागला. मागायचा नाही, भांडायचा नाही, ज्याला भांडल्याशिवाय चहा जिरत नाही तो माणूस. त्यांच्या घरचं जाळं फाटलं होतं, ते दुरुस्त करत बसायचा. चौथ्या दिवशी गुणवंतरावच बाहेर आले आणि म्हणाले, बोल काय बोलायचं ते. मी तिथे होते म्हणून मला त्याचं बोलणं शब्दाशब्दाने आठवतं.

"गुणवंतभाऊ, गुन्हा माहा होता. दंड माह्या बापानं भरला. वाळीत मी होतो. या कागदावर तक्रार कराचा हक्क कोणाचा असन तर माहा एकट्याचा हाय, अन् मी करत नाई. मंग तुमाले भ्या कोणाचं?"

गुणवंतरावांनी दुरुस्त झालेलं जाळं हातात घेऊन पाहिलं. मग त्यांनी अट घातली. वही ते कोणाच्या हातात देणार नाहीत. ते स्वतः येतील, तेवढंच पान उघडतील आणि स्वतःच मिटतील.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात सुनावणी होती. आम्ही एसटीने निघालो. बाबा, मी, इस्तारीकाका, आणि खिडकीशी गुणवंतराव, मांडीवर धोतरात गुंडाळलेली वही. कंडक्टरने ते गाठोडं वर ठेवायला सांगितलं तर त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुढे गेला. सर्वांत मागच्या सीटवर हेमराज बसला होता. बाप रस्त्यात चक्कर येऊन पडला तर कोण पाहील, म्हणून तो आला होता.

अधिकारी तरुण होते, बोलायला सभ्य. त्यांनी पट्टा पाहिला. इतर सात या शब्दांवर बोट ठेवून म्हणाले, यात हे आहेत हे कशावरून? मी गुणवंतरावांकडे पाहिलं. त्यांनी वहीभोवतीचं धोतर सोडलं, पान काढलं आणि दोन्ही हातांनी वही टेबलावर धरून ठेवली. अधिकारी वाकून मोठ्याने वाचू लागले.

"ता. ८ माहे फेब्रुवारी सन १९६९. इस्तारी वल्द सोमा, वय अंदाजे पंधरा, याने बंगाली कॅम्पातील निरापद वल्द हरिचरण हालदार याचे घरी एका ताटात भात व मासे खाल्ले. विचारता कबूल केले. सदर लोक चार सालांपासून येथे राहतात. त्यांची जात समजली नाही. काम आपलेच करतात. सबब इस्तारीच्या बापाने जातीला एक जेवण द्यावे."

खाली सात अंगठे होते. अधिकाऱ्यांनी ते पुन्हा वाचलं, या वेळी मनात. बाबांनी डोळे मिटले होते. माझी आजी, जिने ते ताट वाढलं, ती हा देश आपल्याला आपलं म्हणेल का याची धास्ती घेऊनच गेली. तिच्या हातच्या भाताची नोंद कोणीतरी करून ठेवली होती, आणि ती रागाने केली होती, तरी मला त्या लिहिणाऱ्याचे पाय धरावेसे वाटले.

"हा सरकारी कागद नाही," अधिकारी म्हणाले. "पण पट्ट्याला जोड म्हणून घेता येईल. इतक्या जुन्या काळी कोणी आजच्यासाठी खोटं लिहून ठेवणार नाही. या नोंदीतला दुसरा माणूस हजर आहे?"

"मीच तो," इस्तारीकाका म्हणाला.

"तुमचा जबाब घ्यावा लागेल. पण आधी तुम्ही तेच इस्तारी कशावरून? एकाहत्तरच्या आधीचं तुमचं काही आहे? शाळेचा दाखला, जन्माची नोंद, सातबारा?"

काकाने खिशातून आधार कार्ड काढलं. त्यावर जन्मतारीख एक जानेवारी होती, आमच्याकडच्या निम्म्या म्हाताऱ्यांची असते तशी, शिबिरातल्या माणसाने टाकलेली. शाळा नाही. जन्म घरात. जमीन त्याच्या बापाच्या नावावर कधी नव्हतीच, तलाव होता, आणि तलावाच्या सातबाऱ्यावर ढिवराचं नाव नसतं. काकाने सगळं ऐकून घेतलं, विचार केला आणि वहीकडे बोट दाखवलं.

"साहेब, माहं नाव आणखी कुठीच नाई. हे इथीच हाय, याच्या बाजूले."

ज्याच्या पिढ्या त्या तलावात गेल्या त्या माणसाचा तेवढ्या जुन्या काळातला एकच कागद निघाला, आणि तो माझ्या घरी जेवल्याचा होता.

अधिकाऱ्यांनी गुणवंतरावांचा जबाब आधी घेतला, की हाच तो इस्तारी आणि हाच तो निरापद, दोघांनाही मी त्यांच्या लहानपणापासून पाहतो. मग काकाचा घेतला. काकाने अंगठा दिला. दुपारी दीडच्या सुमारास आम्हाला सांगितलं की तक्रारीत तथ्य नाही असं लिहून प्रकरण बंद करतो, लेखी आदेश आठ दिवसांत येईल. तो सहाव्या दिवशी आला. बाबांनी अधिकाऱ्यांना नमस्कार केला, मग गुणवंतरावांना केला. इस्तारीकाकाला नाही केला. त्याच्या पाठीत एक धपका घातला आणि म्हणाले, "तुहं तोंड बंद राहत नाई म्हून वाचलो." तेवढ्यावरून दोघांचं तिथेच सुरू झालं, शिपायाने बाहेर जाऊन भांडा म्हणून सांगितलं.

त्या पानाची एक झेरॉक्स फाइलला लावायची होती. गुणवंतराव वहीसोबत झेरॉक्सच्या दुकानात स्वतः आले आणि झाकण खाली होईपर्यंत वहीवरचा हात काढेनात. मी पैसे द्यायला पुढे झाले तेव्हा हेमराज मागे उभा होता. तो आत कधी आला ते मला कळलं नाही. कचेरीत तो दाराशी उभा होता, बापाचं बोलणं त्याने ऐकलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, यंत्राकडे पाहत दुकानदाराला म्हणाला, "भाऊ, आणखी एक काढ."

दुकानदाराने विचारलं, कशाला, यांनी एकच सांगितली.

"ते त्यांच्या बाबाची," हेमराज म्हणाला. "एक आमच्या बाबाची पाहिजे."